घड्याळाची पारख

मनगटावर बांधावयाच्या घड्याळाला इतिहास तो काय असणार, असे श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आल्यावाचून राहिले नसेल. गडांना इतिहास असतो, घराण्यांना असतो, फार तर एखाद्या नाण्याला असतो. घड्याळ ही बाजारात मिळणारी चीज. आणली, वापरली, बिघडली, टाकून दिली. आमचाही समज काही वर्षांपूर्वीपर्यंत असाच होता. तो बदलण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला, आणि तो आधी सांगितल्याशिवाय पुढच्या विवेचनाला बूड येणार नाही.

अजिंठ्याहून बुलढाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर धावडा नावाचे गाव आहे. जालना जिल्हा, भोकरदन तालुका. एका बाजूला अजिंठ्याचे डोंगर, दुसऱ्या बाजूला वऱ्हाडची हद्द, आणि जवळच पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीचा बाजार. हे आमचे आजोळ. मामा वारल्यानंतर मामेभावाने त्यांचा पत्र्याचा डबा उघडला, तेव्हा शेतसाऱ्याच्या पावत्यांखाली एका रुमालात गुंडाळलेले घड्याळ निघाले. ते आम्ही लहानपणापासून मामांच्या हातावर पाहिलेले होते. तबकडीवर इंग्रजी अक्षरांत ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’, आणि त्याखाली ‘सवार प्रायमा’. जुन्या घड्याळांना हल्ली चांगली किंमत येते असे मामेभावाने ऐकले होते. म्हणून त्याने मुंबईच्या एका शौकिनास छायाचित्र पाठविले. गृहस्थाने आधी चांगला आकडा सांगितला, मग अधिक जवळून घेतलेले छायाचित्र मागितले, आणि ते पाहताच आकडा निम्म्यावर आणला. कारण एकच दिले : तबकडी मूळची नाही, नंतर रंगविलेली आहे. मामेभाऊ आमच्याकडे आला तो तावातच. “दादा, मग आमच्या अण्णांनी जन्मभर खोटं घड्याळ बांधलं म्हणायचं का?”

या प्रश्नाला आम्हाला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. घड्याळ खरे कशावरून म्हणावयाचे, आणि ते ठरविणार कोण, हे शोधता शोधता जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

मनगटी घड्याळ मुळात पुरुषांची वस्तूच नव्हती. युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते बायकांच्या दागिन्यांत मोडे. पुरुषाचे घड्याळ साखळीला लावून खिशात असावयाचे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाने ही रीत मोडली. खंदकात उभ्या असलेल्या, दोन्ही हातांत सामान असलेल्या शिपायास खिशातून घड्याळ काढण्याची सवड कोठून असणार? त्याने ते मनगटावर बांधले, आणि युद्धावरून परतलेल्याच्या हातावर जे दिसले त्यास बायकी म्हणण्याची छाती मग कोणास झाली नाही. आपल्याकडेही फौज, रेल्वे, पोलीस आणि कचेरी या वाटांनीच ते आले. वेस्ट एंड ही कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्वित्झर्लंडात घड्याळे तयार करवून घेई आणि मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांतून विकी. जुन्या तबकड्यांवर ‘मुंबई’, ‘कलकत्ता’ ही नावेही छापलेली आढळतात. ‘सवार’ हा तर आपलाच शब्द. घोडेस्वारांच्या देशात माल खपवावयाचा म्हणून तो स्विस तबकडीवर जाऊन बसला. फावर-ल्यूबा ही त्याहून जुनी स्विस पेढी, १७३७ सालापर्यंत मागे जाणारी. तिनेही एकोणिसाव्या शतकातच मुंबईत पाय रोवले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या काळी खरेदी करणारा मनुष्य आतले यंत्र पाहून घड्याळ घेत नसे. यंत्रातले त्यास कळतही नसे. तो मुंबईच्या पेढीच्या नावावर विसंबे. सोन्याचा कस जसा सराफाच्या शब्दावर, तसा घड्याळाचा कस तबकडीवरच्या नावावर. म्हणजे तबकडी ही नुसती आकडे दाखविणारी पाटी नव्हती, ती पेढीची सही होती. पुढे जी लबाडी झाली ती या सहीच्या जोरावरच झाली.

आमच्या आजोबांनी हे घड्याळ जालन्यास रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थाकडून घेतले, असे घरात सांगतात. किती रुपयांना, याविषयी दोन मते आहेत, आणि त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. तो निजामचा मुलूख. तेथे हाली रुपया चाले. पलीकडे वऱ्हाडात इंग्रजी कलदार. सात हालींचे सुमारे सहा कलदार होत. आजी किंमत हालीत सांगे आणि मामा कलदारात. भांडण मात्र आकड्यावरून होई. सीमेवर करोडगिरीचे नाके होते, आणि बुलढाण्यास घेतलेली चीज धावड्यास आणावयाची तर जकातीचा हिशेब मनात धरावा लागे. नवे घड्याळ घेण्यापेक्षा वापरलेले, आणि तेही संस्थानाच्या हद्दीतच घेणे, यात आजोबांचा चिक्कूपणा नव्हता, व्यवहार होता.

पण घड्याळ घेतले तरी ते लावावयाचे कशावर? आज हा प्रश्न कोणाला पडत नाही. त्या काळी तो खरा प्रश्न होता. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास अशी ठरली. त्यापूर्वी रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले, ती ग्रीनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे. आणि मुंबई शहर आपल्या वेळेने चाले, ती ४ तास ५१ मिनिटे. मुंबईकरांनी नव्या वेळेस जो विरोध केला तो घड्याळजींचा वाद नव्हता. सरकार आमच्या डोक्यावरचा सूर्यही हलवू पाहते, असा त्यात राग होता, आणि गिरणी कामगारांपासून नगरपालिकेच्या सभासदांपर्यंत तो पोहोचलेला होता. नगरपालिकेने आपली घड्याळे जुन्या वेळेवर ठेवली ती पुढे कित्येक वर्षे. तोवर मुंबईत कोणी वेळ सांगितली की ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड?’ असे विचारावे लागे. मध्ये ३९ मिनिटांचे अंतर. भरीस भर म्हणून दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत सगळी घड्याळे आणखी एक तास पुढे केली होती.

धावड्याचा सूर्यही प्रमाणवेळेच्या सुमारे २६ मिनिटे मागे चालतो. म्हणजे सावली पायाशी येते तेव्हा घड्याळात साडेबाराच्या आसपास झालेले असतात. आजोबांचे घड्याळ जालन्याच्या स्टेशनावर लावलेले. गावातले म्हातारे सावली पाहणारे. ‘तुमचं घड्याळ पळतं’ असा त्यांचा ठाम अभिप्राय होता, आणि लग्नाच्या मुहूर्तास ते आजोबांच्या घड्याळास नव्हे तर घटिकापात्रालाच मानीत. तांब्याचे भोक पाडलेले ते वाटीसारखे भांडे २४ मिनिटांत बुडते. अशा साठ घटकांचा अहोरात्र. पंचांगातला मुहूर्त स्थानिक सूर्योदयापासून मोजलेला असेल, तर म्हाताऱ्यांचेच बरोबर होते. घड्याळ बरोबर आणि म्हातारेही बरोबर, हे समजून सांगणारा मात्र गावात कोणी नव्हता. पुढे एस.टी. आली, आणि घड्याळ गाडीवर लावण्याची चाल पडली. तिच्याविषयी न बोललेलेच बरे.

आता पारखीकडे वळू. दुकानात घड्याळ हाती आले की गिऱ्हाईक ते पहिल्याने कानाशी धरी. ही परीक्षा अगदीच वेडगळ नव्हती. चावीच्या सामान्य घड्याळातले चक्र तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाकाठी ४,३२,०००. तयार कानाला त्यातला लंगडेपणा कळतो : टिक आणि टिक यांमधले अंतर सारखे नसेल तर आस झिजला आहे किंवा कमानी वाकडी बसली आहे. पण कानाला चाल कळते, वेळ कळत नाही. खरी परीक्षा वेगळी. पूर्ण चावी देऊन घड्याळ एक अहोरात्र तबकडी वर करून ठेवावे, एक अहोरात्र पालथे, एक अहोरात्र गुंडी खाली येईल असे उभे. आणि तिन्ही वेळी किती मागे-पुढे गेले ते लिहावे. तिन्ही स्थितींत सारखाच फरक येत असेल तर घड्याळ उत्तम. तो फरक आतली लहान दांडी सरकवून काढता येतो. एका कुशीवर पुढे आणि दुसऱ्या कुशीवर मागे जाणारे घड्याळ मात्र हातावर कधीच बरोबर राहावयाचे नाही. स्वित्झर्लंडात न्यूशातेल आणि जिनिव्हा येथील वेधशाळांत घड्याळांच्या ज्या स्पर्धा होत त्यांचे तत्त्व हेच होते. तेथे निरनिराळ्या स्थितींबरोबर उष्णता आणि थंडी यांचीही भर असे.

मामांचे घड्याळ दिवसाला एक मिनिट मागे पडे, आणि त्याबद्दल त्यांना थोडे वाईट वाटे. दिवसाची मिनिटे १४४०. म्हणजे चूक १४४० भागांत एक भाग. हेच माप मिरचीच्या काट्यास लावा. क्विंटलभर मिरचीला सत्तर ग्रॅमांहून कमी फरक येईल. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना इतका खरा काटा मिळता, तर त्यांनी काट्याची पूजा केली असती! तळहाताएवढेही नसलेले, खेड्यातल्या धुळीत आणि घामात चाळीस वर्षे काढलेले यंत्र हे करीत होते, यातले नवल आम्हास हा हिशेब मांडीपर्यंत कळले नव्हते.

गिऱ्हाइकाची दुसरी परीक्षा खड्यांची. ‘किती ज्वेलचं आहे?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय घड्याळाचा सौदा होत नसे. सतरा म्हणजे चांगले, एकवीस म्हणजे फार चांगले, आणि पंचवीस म्हणजे विचारावयासच नको. खेड्यापाड्यांतून असा समज होता, आणि तो अजून गेलेला नाही, की हे खडे मोलाचे माणिक असतात आणि घड्याळजी दुरुस्तीच्या निमित्ताने ते काढून घेतो. आमचे मामा शहाणे, पण दुरुस्तीस दिलेल्या घड्याळापुढे ते दुकानाच्या फळीवर बसून राहत, उठत नसत. वस्तुस्थिती अशी आहे की हे माणिक विसाव्या शतकाच्या आरंभापासून भट्टीत तयार होत आले आहेत. १९०२ साली व्हर्नाय या फ्रेंच शास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक बनविण्याची आपली रीत जाहीर केली, आणि त्यानंतर घड्याळाच्या खड्याची किंमत कवडीमोल झाली. चोरून न्यावे असे त्यात काही नाही. त्यांचे काम निराळे. पोलादाचा आस पितळेत फिरला तर पितळ झिजते. माणकाच्या गुळगुळीत भोकात फिरला तर ना आस झिजतो, ना भोक, आणि तेलाचा थेंबही जागचा हलत नाही. सतरा खडे कोठे कोठे लागतात ते मोजून सांगता येते : डोलणाऱ्या चक्राच्या दोन टोकांना चार, त्याच्या खालच्या पिनेचा एक, नांगरासारख्या तुकड्याच्या दोन दातांचे दोन, तो नांगर, त्यापुढचे दातेरी चाक, चौथे, तिसरे आणि मधले चाक या पाचांच्या टोकांना दहा. झाले सतरा. साध्या चावीच्या घड्याळास याहून अधिकांची फारशी गरज नाही. स्वयंचलित घड्याळात थोडे आणखी लागतात. पण ‘अधिक खडे, अधिक कस’ असा बाजाराचा हिशेब झाल्यावर कारखानदारांनी काहीएक काम नसलेले खडे नुसते चिकटवून आकडे फुगविले. इतके की १९७४ साली आंतरराष्ट्रीय मानकाने कामाचेच खडे मोजावेत असा नियम घालून द्यावा लागला.

याच्या अगदी उलट एक कथा आहे. रोस्कोप्फ नावाच्या कारागिराने मजुराला परवडेल असे, वीस फ्रँकांचे घड्याळ करावयाचे ठरविले, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ते मांडले. त्याने भाग निम्म्याहून कमी केले आणि नांगराच्या खड्यांऐवजी पोलादाच्या पिना बसविल्या. त्याच जातीच्या पिनांची स्वस्त घड्याळे पुढे आपल्याकडे पुष्कळ आली. घड्याळजी त्यांना नावे ठेवीत, आणि झिजल्यावर ती दुरुस्त होत नसत हेही खरे. तरी ज्याच्या हातावर पूर्वी कधी घड्याळ नव्हते त्याच्या हातावर ते बांधणारा रोस्कोप्फ आम्हाला थोर वाटतो. कस म्हणजे केवळ उत्तमता, असे मानणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

स्वातंत्र्यानंतर परकी चलनाची चणचण आली, आणि चैनीच्या परदेशी मालाची आयात आवळली गेली. घड्याळ चैनीत मोडले. मागणी मात्र वाढतच होती; शाळा वाढल्या, कचेऱ्या वाढल्या, लग्ने तर वाढतच असतात. नवऱ्या मुलाने घड्याळ, सायकल आणि रेडिओ मागावयाचा अशी रीत गावोगाव पडली होती. तेव्हा एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरास घड्याळांचा कारखाना काढला आणि १९६१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर आली. हुंडाबंदीचा कायदाही त्याच वर्षीच्या १ जुलैला अमलात आला. कायद्याचे जे झाले ते झाले. घड्याळे मात्र हुंड्यात मुबलक गेली. ‘जनता’ हे चावीचे, सतरा खड्यांचे घड्याळ; पायलट, जवान, कोहिनूर, सोना, बायकांसाठी सुजाता; पुढे स्वयंचलित कांचन. या नावांत एका पिढीची सारी आकांक्षा येऊन जाते. कांचन मिळावे म्हणून ओळखी काढाव्या लागत, आणि छापील किमतीच्या वर पैसे मोजणारेही होते. काही जनता घड्याळांच्या तबकडीवर देवनागरी आकडे होते. आम्हाला ती आजही सर्वांत देखणी वाटतात, पण हा आमचा पक्षपात समजावा.

त्याच काळात दुसरा बाजारही होता. चोरट्या आयातीत सोन्याच्या खालोखाल घड्याळाचे नाव घेतले जाई, कारण थोड्या जागेत पुष्कळ पैसा मावतो. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे १२३ वे कलम मुद्दाम वाचण्यासारखे आहे. फौजदारी न्यायाची सर्वसाधारण रीत अशी की आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावा. पण चोरटा माल आहे अशा रास्त समजुतीने सोने किंवा घड्याळ जप्त झाले, तर तो तसा नाही हे ज्याच्याजवळून घेतले त्याने सिद्ध करावयाचे! कायद्याने सोने आणि घड्याळ एका पंक्तीला बसविले. म्हणून घरोघरी घड्याळाची पावती दागिन्यांच्या पेटीत ठेवीत. ज्यांच्याजवळ पावती नव्हती ते ‘आखातातल्या भावाने दिलं’ असे सांगत. रत्नागिरीकडे तर ते पुष्कळदा खरेही असे.

आता मामेभावाच्या प्रश्नाचे उत्तर जेथे दडले आहे तेथे आपण आलो. आयात आवळली म्हणजे नुसती नवी घड्याळे थांबली नाहीत. जुन्या घड्याळांचे सुटे भागही दुर्मिळ झाले. तबकडी घामाने आणि ओलीने काळी पडे. अंधारात चमकणारा रेडियमचा लेप कोरडा होऊन भुगा होई. मूळ तबकडी मागवावी तर मिळत नाही. मिळाली तर परवडत नाही. मग घड्याळजी ती काढून रंगाऱ्याकडे पाठवी. तो जुना रंग खरवडून नवा चढवी, आकडे नव्याने छापी, आणि ज्या पेढीचे नाव होते तेच पुन्हा उमटवी. यात कोणी कोणास फसवीत नव्हते. मालकाला ठाऊक होते, घड्याळजीला ठाऊक होते. चष्म्याची काच बदलावी तसाच तो प्रकार. मामांना त्या तबकडीवरून पहाटे मोटेची वेळ दिसत होती, आणि घेणाऱ्याचा हेतू तोच होता.

मग हेच काम खोटे केव्हा झाले? ते झाले घड्याळाचे मूळ काम संपल्यावर. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने स्फटिकाच्या कंपनावर चालणारे मनगटी घड्याळ विकावयास काढले. अशा घड्याळातला स्फटिक सेकंदाला हजारो वेळा कंप पावतो. पुढे हा आकडा ३२,७६८ वर स्थिरावला. आपल्याकडे १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनने १९८७ पासून होसूरहून अशी घड्याळे आणली, आणि दुकानांचे रूपच पालटले. स्फटिकाचे साधे घड्याळ महिन्यात जेवढे चुकते, तेवढे चांगले चावीचे घड्याळ दिवसात चुकू शकते. म्हणजे खरी वेळ हा जो शतकाचा कस होता तो फुटपाथवर मिळू लागला. पुढे मोबाइल आला, आणि तोही प्रश्न मिटला. एच.एम.टी.चा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय जानेवारी २०१६ मध्ये झाला. आणि गंमत अशी की त्या बातमीनंतर ज्या घड्याळांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्यांची शोधाशोध सुरू झाली. वेळेसाठी घड्याळ घेणारा गेला, घड्याळासाठी घड्याळ घेणारा आला. या नव्या शौकिनास वेळ नको असते; त्याला मूळपण हवे असते. तबकडी, काटे, गुंडी, झाकण, सारे कारखान्यातून निघाले तसेच असावे. काळी पडलेली, डाग धरलेली मूळ तबकडी त्याला चकचकीत रंगविलेल्या तबकडीहून अधिक मोलाची. मामांच्या दृष्टीने हे निव्वळ खुळ ठरले असते.

आणि या शौकामागोमाग लबाडी आली. मुंबईच्या चोरबाजारात आणि इतरत्र जुनी यंत्रे ढिगाने मिळत. त्यांना भडक निळ्या-तांबड्या नव्या तबकड्या चढवून, नामांकित पेढ्यांची नावे छापून, ‘जुने, न वापरलेले’ म्हणून परदेशी विकण्याचा धंदाच उभा राहिला. परदेशातले शौकीन अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हसतात. आपल्या राजधानीचे नाव अशा रीतीने प्रसिद्ध व्हावे, याचा अभिमान वाटावयाचे काही कारण नाही. आम्हीही एकदा या जाळ्यात सापडलो आहोत. एका मोठ्या शहरातल्या दुकानातून आम्ही एक ‘१९५० सालचे’ स्विस घड्याळ मोठ्या हौसेने घेतले. घरी आणून भिंगाखाली धरले तेव्हा तबकडीच्या तळाशी ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना टी हे इंग्रजी अक्षर दिसले. ती ट्रिटियमची खूण. रेडियम सोडून कारखाने ट्रिटियमकडे वळले ते १९६० च्या आसपास, आणि अक्षर त्यानंतरचे. तबकडीने स्वतःच साक्ष दिली. दुकानदाराकडे परत गेलो नाही. आपलाच उतावीळपणा नडला म्हणून गप्प बसलो.

त्या धड्यातून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कोणाच्या उपयोगी पडले तर पडेल. काटे गंजलेले आणि तबकडी कोरी असेल तर संशय घ्यावा. दोघांनी एकाच काचेखाली एकच आयुष्य काढलेले असते. अक्षरांच्या कडा भिंगाखाली पाहाव्यात. कारखान्याची छपाई कडेला तुटक नसते. मिनिटांच्या रेघा आकड्यांना धडकत असतील, किंवा सहाच्या खाली देशाचे नाव असावयास हवे तेथे ते नसेल, तर रंगारी घाईत होता असे समजावे. आणि विकणाऱ्याने झाकण उघडून दाखविण्यास नकार दिला, तर नमस्कार करून उठावे.

झाकणाचे नाव निघालेच आहे. मामेभावास घेऊन आम्ही जालन्याच्या एका वृद्ध घड्याळजीकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, झाकण काढले, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, यंत्र मूळचे आहे, काटे मूळचे आहेत, गुंडी बदललेली आहे, तबकडी रंगविलेली आहे, आणि रंगविणाऱ्याचा हात चांगला होता. नंतर त्यांनी झाकणाची आतली बाजू उजेडाकडे धरून आमच्या हाती भिंग दिले. घड्याळजी दुरुस्ती केली की तेथे सुईने बारीक खूण कोरून ठेवतात, म्हणजे घड्याळ परत आले तर आपले काम ओळखता यावे. तेथे सहा खुणा होत्या. दोन उर्दू आकड्यांत, म्हणजे संस्थानी काळातल्या असाव्यात. एक इंग्रजी अक्षरांत. उरलेल्या तीन देवनागरीत. त्यांपैकी एकीशेजारी ६७ हा आकडा. मामा तबकडी रंगवून आणल्याचे सांगत ते साल बहुधा हेच. सत्तर-ऐंशी वर्षांत हे घड्याळ कितीदा थांबले आणि कितीदा कोणी ते चालू केले, याचा असा दाखला दुसऱ्या कोणत्या कागदावर आम्हास मिळाला असता?

परतताना मामेभावाला आम्ही सांगितले, “घड्याळ खरं आहे. तबकडी नंतरची आहे. दोन्ही लिही आणि मग विक.” त्याने तसेच लिहिले. दोन विचारणा आल्या. पहिल्या गृहस्थाने तोच निम्मा आकडा सांगितला, आणि आमच्या मते तो त्याच्या जागी वाजवी होता. मूळपणाची हौस असणाऱ्याने मूळपणालाच किंमत द्यावी. दुसऱ्याने मात्र निराळेच सुचविले : तबकडी काळ्या रंगात पुन्हा नवी छापून द्याल, आणि रंगविलेली आहे हे वाक्य काढाल, तर दुप्पट देतो. मामेभावाने त्याला काय उत्तर दिले ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही.

घड्याळ अजून धावड्यासच आहे. मिरचीच्या बाजाराला जाताना तो ते बांधतो. तेल दिल्यापासून ते दिवसाला दोन मिनिटे मागे पडते, आणि रोज सकाळी चावी देताना तो ते मोबाइलवर लावून घेतो.